होळीनंतरचे हिमवादळ : डेन्व्हर परिसरात अंदाज कसा वाचावा आणि घर कसे सज्ज ठेवावे

‘होळी जळाली, थंडी पळाली’ ही आपल्याकडची म्हण कोलोरॅडोत लागू पडत नाही, हे येथे राहायला आलेल्या मराठी कुटुंबाला पहिल्याच वर्षी कळते. दीर्घकालीन सरासरी पाहिली तर डेन्व्हरमध्ये सर्वाधिक बर्फ डिसेंबरात किंवा जानेवारीत नव्हे, तर मार्चमध्ये पडतो. एप्रिलमध्येही तो बऱ्यापैकी पडतो आणि मे महिन्यात झाडांना पालवी फुटल्यावरही एखादे वादळ येऊन जाते. गुढीपाडव्याच्या सकाळी गुढी उभारण्यासाठी आधी अंगणातला बर्फ बाजूला करावा लागणे, ही येथे फार मोठी नवलाई नाही. हिवाळ्यातल्या बर्फाची सवय झालेली माणसेसुद्धा वसंतातल्या वादळात फसतात, कारण हा बर्फ निराळा असतो, त्याचा अंदाज निराळ्या रीतीने वाचावा लागतो आणि त्याची तयारीही निराळी असते. ज्यांना हे वादळ नवे आहे, आणि विशेषतः ज्यांचे आई-वडील याच दिवसांत भारतातून येणार आहेत, त्यांच्यासाठी हे टिपण लिहीत आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो. वादळ येणार अशी बातमी लागली की प्रत्येक जण ‘किती इंच?’ हा एकच प्रश्न विचारतो. वसंतातल्या वादळात इंचांचा आकडा हा सर्वांत कमी भरवशाचा आणि बऱ्याचदा सर्वांत कमी उपयोगाचा असतो. विचारायचे प्रश्न चार आहेत : बर्फ किती ओला असेल, पावसाचा बर्फ कोणत्या उंचीवर होईल, वारा किती असेल आणि मुख्य मारा दिवसा होईल की रात्री. या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली, तर आपल्या घरापुरता अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो.

वादळ येते कसे

रॉकी पर्वतरांग डेन्व्हरच्या पश्चिमेला भिंतीसारखी उभी आहे आणि पूर्वेला कॅन्ससपर्यंत सपाट मैदान पसरलेले आहे. हिवाळ्यातली पुष्कळ वादळे पश्चिमेकडून येतात, त्यांतले बाष्प डोंगरांवरच उतरते आणि डेन्व्हरच्या वाट्याला कोरडा वारा येतो. वसंतात कमी दाबाचे क्षेत्र अधिक दक्षिणेकडून, न्यू मेक्सिकोच्या वरच्या बाजूने सरकते आणि आग्नेय कोलोरॅडोच्या आसपास रेंगाळते. उत्तर गोलार्धात अशा क्षेत्राभोवती वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरत असल्यामुळे त्याच्या उत्तरेकडील भागात, म्हणजे आपल्याकडे, वारा पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहू लागतो. मेक्सिकोच्या आखातातून आलेले दमट वारे या प्रवाहात ओढले जातात, मैदानावरून चढत चढत डोंगराच्या पायथ्याला धडकतात, वर उचलले जातात, थंड होतात आणि बाष्प टाकून देतात. याला येथले हवामानतज्ज्ञ ‘अपस्लोप’ म्हणतात. सह्याद्रीला अडून घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस ज्याने पाहिला आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. तेथे वारे अरबी समुद्राकडून येतात आणि येथे मैदानाकडून, आणि पावसाऐवजी बर्फ पडतो, एवढाच फरक.

वादळाचा मार्ग पन्नास-साठ मैल इकडे-तिकडे झाला तरी निकाल बदलतो, तो यामुळेच. केंद्र दक्षिणेला सावकाश सरकत राहिले तर डेन्व्हर आणि पायथ्याच्या गावांवर तासन्‌तास बर्फ पडतो. तेच लवकर मैदानावर निघून गेले किंवा उत्तरेकडून गेले, तर आपल्याकडे थोडा बर्फ आणि भरपूर वारा, असा प्रकार होतो. बाष्पाने भरलेले दक्षिणेकडचे आणि रेंगाळणारे वादळ, असे वर्णन वाचले की सावध व्हावे.

१७ ते १९ मार्च २००३ या तीन दिवसांत डेन्व्हरला ३१.८ इंच बर्फ पडला. डिसेंबर १९१३ मधला ४५.७ इंचांचा विक्रम सोडला, तर शहराच्या नोंदीतले हे सर्वांत मोठे वादळ आहे. मार्च २०२१ च्या वादळाने विमानतळावरच्या अधिकृत केंद्रात २७.१ इंचांची नोंद केली. त्या वेळी वादळ अपेक्षेपेक्षा उशिरा पोहोचले. शनिवारी दिवसभर आकाश पाहून ‘उगाच घाबरवले’ असे म्हणणारे बरेच होते, आणि रविवारी त्याच लोकांना दार उघडता येत नव्हते. सुरुवात लांबली म्हणजे वादळ टळले असे नसते, हा धडा त्या शनिवार-रविवारने दिला.

बर्फाचे पाणी करून पाहावे

जानेवारीतला बर्फ पिठीसाखरेसारखा कोरडा असतो. त्याचे १५ इंच वितळवले तर जेमतेम एक इंच पाणी निघते. वसंतातला बर्फ मात्र आठ-दहा इंचांतच तेवढे पाणी देतो आणि तापमान गोठणबिंदूच्या अगदी जवळ असेल, तर पाच-सहा इंचांतही देतो. म्हणून अंदाजात इंचांच्या शेजारी पाण्याचे प्रमाण दिलेले असेल, तर ते आधी पाहावे. एक इंच पाणी म्हणजे एका चौरस मीटरवर सुमारे २५ किलो वजन. दोन गाड्या उभ्या राहतील असा ड्राइव्हवे साधारण ४० चौरस मीटरांचा धरला, तर दोन इंच पाण्याएवढा बर्फ उचलणे म्हणजे दोन टन वजन हलवणे. हा हिशोब मी प्रत्येक नव्या शेजाऱ्याला सांगतो, कारण तो ऐकल्यावर माणूस फावडे आपोआप निराळ्या पद्धतीने धरतो.

हेच वजन झाडांवर, विजेच्या तारांवर, अंगणातल्या मांडवावर आणि सपाट छपरांवर येते. म्हणून वसंतातल्या वादळात वीज जाण्याची शक्यता हिवाळ्यापेक्षा अधिक धरून चालावे. पालवी फुटलेल्या झाडाच्या प्रत्येक पानावर बर्फ बसतो आणि निष्पर्ण झाडाने सहज झेलला असता तेवढ्या बर्फाने त्याची फांदी मोडते. मे महिन्यातले सहा इंच जानेवारीतल्या फूटभर बर्फापेक्षा अधिक नुकसान करू शकतात, ते असे.

आपले घर किती उंचीवर आहे, हे पाठ असावे

वसंतातले वादळ बहुधा पावसाने सुरू होते. आदल्या दिवशी मुले अर्ध्या बाह्यांचे कपडे घालून खेळत असतात, संध्याकाळी वारा ईशान्येकडून वळतो, पाऊस सुरू होतो आणि रात्री कधीतरी त्याचा आवाज थांबतो. आवाज थांबला म्हणजे पाऊस थांबला असे समजून झोपू नये. खिडकीतून रस्त्यावरच्या दिव्याकडे पाहावे, म्हणजे पावसाचा बर्फ झालेला दिसतो. हा बदल आधी उंचावर होतो आणि मग खाली उतरत येतो. त्यामुळे एकाच वादळात वीस मैलांच्या अंतरात चिखल आणि फूटभर बर्फ असे दोन्ही पाहायला मिळते.

डेन्व्हर ५,२८० फुटांवर आहे. दक्षिणेला कॅसल रॉक सुमारे ६,२०० फुटांवर, तर डेन्व्हर आणि कोलोरॅडो स्प्रिंग्ज यांच्यामधला मॉन्युमेंट हिलचा माथा ७,३०० फुटांच्या वर आहे. पूर्व-पश्चिम पसरलेल्या या उंचवट्याला पामर डिव्हाइड म्हणतात. उत्तरेकडून येणारा वारा त्यावर चढतो, त्यामुळे डेन्व्हरमध्ये चार इंच असताना तेथे बारा इंच पडणे हे नेहमीचेच. नोकरीसाठी आय-२५ महामार्गावरून रोज डेन्व्हर ते कोलोरॅडो स्प्रिंग्ज ये-जा करणाऱ्यांनी घराचा आणि ऑफिसचा अंदाज पाहून निघू नये, मधल्या माथ्याचा अंदाज पाहावा. राष्ट्रीय हवामान सेवेच्या संकेतस्थळावर नकाशात नेमक्या ठिकाणी क्लिक केले की त्या ठिकाणचा अंदाज उघडतो. मॉन्युमेंट हिलवर क्लिक करायला अर्धा मिनिट लागतो.

परिसराचे ढोबळ चित्र असे असते. पायथ्याच्या डोंगरांत, म्हणजे बोल्डरच्या पश्चिमेला, एव्हरग्रीनच्या बाजूला, अपस्लोपचा मारा सर्वाधिक असतो आणि बर्फ फुटांत मोजावा लागतो. शहरपट्ट्यात पाऊस की बर्फ यावर सगळे अवलंबून असते आणि एक-दोन अंशांनी आकडे तिप्पट होतात. पूर्वेच्या मैदानात बर्फ कमी पडला तरी वाऱ्याने तो उडत राहतो. लायमनकडे जाणारा आय-७० आणि नेब्रास्काकडे जाणारा आय-७६ हे रस्ते मग बंद होतात आणि ट्रक जागच्या जागी अडकतात. त्या मैदानात मार्च हा गाई विण्याचा हंगाम असतो. ओल्या बर्फात आणि वाऱ्यात नुकतेच जन्मलेले वासरू तग धरत नाही, त्यामुळे तिथल्या पशुपालकांची रात्र कशी जात असेल याची कल्पना गोठा पाहिलेल्या कोणालाही येईल. डोंगराच्या पलीकडे, पश्चिमेला पॅलिसेडच्या पीचच्या बागा एप्रिलमध्ये फुलावर असतात आणि वादळामागून येणारी निरभ्र, थंड रात्र त्यांच्यासाठी बर्फापेक्षा घातक असते. एप्रिल २०२० मधल्या अशाच थंडीने तेथले बहुतेक पीक गेले. अवकाळी गारपिटीने द्राक्षाचा बाग झोपलेला ज्यांनी नाशिककडे पाहिला आहे, त्यांना हे दुःख नवे नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. हेच वादळ धरणांत येणारे पाणी, मैदानातला गहू आणि वणव्याचा धोका या तिन्ही बाबतींत मोठा आधार असते. वसंत कोरडा गेला, तर येथला माणूस आकाशाकडे आपल्या शेतकऱ्यासारखाच पाहतो.

सूचनांचे तीन शब्द आणि चौथा

वादळाला दोन-तीन दिवस असताना ‘विंटर स्टॉर्म वॉच’ निघतो. याचा अर्थ मोठ्या वादळाची शक्यता बरीच आहे, पण जागा आणि वेळ पक्की नाही. खरेदी, औषधे आणि गाडीची तयारी याच टप्प्यावर करावी. ‘वॉर्निंग’ निघाली म्हणजे वादळ जवळजवळ निश्चित आहे आणि प्रवासाचे बेत बदलायचे आहेत. ‘ॲडव्हायजरी’ म्हणजे त्रास होईल, पण काळजी घेऊन व्यवहार चालू शकतील. चौथा शब्द ‘ब्लिझर्ड वॉर्निंग’ हा बर्फाच्या प्रमाणाविषयी नसतोच. ताशी ३५ मैलांचा वारा किंवा वारंवार तेवढे झोत आणि पाव मैलाच्या आत आलेली दृश्यता, ही स्थिती किमान तीन तास टिकणार असेल, तेव्हा ती निघते. ही सूचना असताना गाडी बाहेर काढू नये, मग अंदाजात चारच इंच का असेनात.

१३ मार्च २०१९ हे याचे उदाहरण आहे. त्या दिवशीच्या वादळात हवेचा दाब इतक्या वेगाने घसरला की ‘बॉम्ब सायक्लोन’ हा शब्द घराघरांत पोहोचला. डेन्व्हर विमानतळावर ताशी ८० मैलांचा झोत नोंदला गेला. कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या आसपास एल पासो काउंटीत हजाराहून अधिक गाड्या रस्त्यात अडकल्या, लाखो घरांची वीज गेली आणि आय-७६ वर अडकलेल्या वाहनाला मदत करताना राज्य गस्ती पोलिसांचा एक जवान दुसऱ्या गाडीच्या धडकेने मृत्युमुखी पडला. डेन्व्हरमध्ये त्या दिवशी बर्फ थोडाच पडला होता. सकाळी पाऊस पाहून कामावर गेलेले लोक दुपारी परतीच्या वाटेवर अडकले.

आकड्यांकडे पाहायचेच असेल, तर एक आकडा पाहू नये, पल्ला पाहावा. हवामान सेवा अपेक्षित आकड्याबरोबर किमान आणि कमाल शक्यताही देते. अपेक्षित सहा, पण कमाल सोळा असे दिसले, तर तयारी सोळाची करावी आणि अपेक्षा सहाची ठेवावी. डेन्व्हरसाठी बोल्डरचे कार्यालय आणि कोलोरॅडो स्प्रिंग्जसाठी प्वेब्लोचे कार्यालय दररोज ‘फोरकास्ट डिस्कशन’ नावाचे टिपण लिहिते. त्याची भाषा थोडी तांत्रिक असली, तरी अंदाज लिहिणाऱ्याला स्वतःला कशाची खात्री आहे आणि कशाची नाही, हे त्यात मोकळेपणाने लिहिलेले असते. समाजमाध्यमांवर आठ दिवस आधीपासून फिरणारे जांभळे नकाशे पाहण्यापेक्षा हे टिपण वाचण्यात दहा मिनिटे घालवावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. ते नकाशे म्हणजे एका संगणकीय प्रारूपाची एक फेरी असते, सहा तासांनी तोच नकाशा निराळा निघतो.

वेळेकडेही लक्ष द्यावे. एप्रिलमधला सूर्य ढगांआडूनही रस्ता तापवतो, त्यामुळे दिवसा पडणारा मध्यम बर्फ डांबरावर बराचसा वितळतो आणि केवळ गवतावर साचतो. तेवढाच बर्फ रात्री पडला तर सकाळी रस्ते भरलेले असतात.

दोन दिवस हातात असताना

घर गरम ठेवणारा फर्नेस गॅसवर चालत असला तरी त्याचा पंखा विजेवर चालतो. वीज गेली की उष्णताही जाते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. म्हणून गोधड्या, रजया, लोकरीचे कपडे एका खोलीत आणून ठेवावेत आणि वीज गेल्यास सर्वांनी त्याच खोलीत राहावे. मोबाईल, पॉवर बँक, विजेरी आणि विजेवर चालणारी गाडी असल्यास तीही आधीच पूर्ण चार्ज करावी. गॅरेजचे दार विजेशिवाय कसे उघडायचे, हे त्याच दिवशी उजेडात करून पाहावे. दार पूर्ण बंद असताना छताजवळच्या यंत्राला लोंबणारी लाल दोरी ओढली की दार यंत्रापासून सुटते आणि हाताने उचलता येते. अंधारात, गाडी आत अडकलेली असताना ही दोरी शोधायची वेळ कोणावर येऊ नये.

शेगडी विजेची असेल, तर शिजवल्याशिवाय खाता येईल असे पदार्थ हवेत. चिवडा, दशम्या, गुळपोळ्या, शेंगदाण्याचे लाडू, फळे, ब्रेड यांवर दोन दिवस सहज निघतात. पिठले-भात आदल्या दिवशी करून ठेवण्यात अर्थ नाही, दशम्यांत आहे, कारण त्या गार खाल्ल्या तरी चालतात. चहा थर्मासमध्ये भरून ठेवावा. वीज गेल्यावर फ्रिज उघडला नाही, तर आतले अन्न सुमारे चार तास सुरक्षित राहते. पूर्ण भरलेला आणि बंद ठेवलेला फ्रीझर ४८ तास टिकतो, अर्धा भरलेला २४ तास. उष्णतेसाठी गॅसचा ओव्हन उघडा ठेवणे, कोळशाची शेगडी किंवा बार्बेक्यू घरात किंवा गॅरेजमध्ये पेटवणे, ही चूक कोणत्याही परिस्थितीत करू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. जनरेटरही घराबाहेर, दारे-खिडक्यांपासून किमान २० फूट दूर ठेवावा लागतो. कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मच्या बॅटऱ्या याच दिवशी तपासाव्यात.

आई-वडील भारतातून आलेले असतील, तर आणखी काही गोष्टी बघाव्या लागतात. रक्तदाबाची, मधुमेहाची औषधे किमान एक आठवडा पुरतील एवढी हाताशी आहेत ना, हे त्यांच्यासमोर बसून मोजावे, कारण ‘आहेत रे, काळजी करू नकोस’ हे उत्तर बहुतेक वेळा डबी न उघडता दिलेले असते. कोणाला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागत असेल, तर वीज गेल्यावर काय करायचे हे पुरवठादाराला आधी विचारून ठेवावे. दारापाशी सपाट तळाच्या चपला ठेवू नयेत. बाहेर बर्फ पाहायला त्यांचा जीव ओढ घेतो, ते साहजिकच आहे, आणि पहिले पाऊल पायरीवरच घसरते. त्यांच्यासाठी खाचांच्या तळाचे बूट आधीच आणलेले असावेत. त्यांचे विमान वादळाच्या दिवशी डेन्व्हरला उतरणार असेल, तर बऱ्याच विमान कंपन्या आधीच शुल्क न घेता तारीख बदलू देतात. ही मुभा जाहीर झाली की लगेच वापरावी. दुसऱ्या शहरात, इंग्रजी कमी बोलणाऱ्या वृद्ध माणसांनी रात्र काढण्यापेक्षा मुंबईहून दोन दिवस उशिरा निघणे केव्हाही बरे.

बागेच्या बाबतीत आमच्या घरी घडलेली गोष्ट सांगतो. पहिल्या वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला ऊन पाहून आम्ही गवताला पाणी देणारी स्प्रिंकलरची यंत्रणा सुरू केली. पुढच्याच आठवड्यात वादळ आले, रात्री तापमान बरेच खाली गेले आणि भिंतीबाहेरच्या पितळी व्हॉल्व्हला, ज्याला येथे बॅकफ्लो प्रिव्हेंटर म्हणतात, करंगळीएवढी उभी चीर पडली. बर्फ वितळल्यावर नळ सोडताच त्यातून पाण्याची सपाट पातळ चादर भिंतीवर उडाली. तेव्हापासून मे महिना अर्धा सरल्याशिवाय आम्ही ती यंत्रणा उघडत नाही. आधीच सुरू केली असेल, तर मुख्य पुरवठा बंद करून, व्हॉल्व्हमधले पाणी काढून टाकून त्यावर जुनी रजई आणि वर प्लास्टिक बांधावे. बागेची नळी नळापासून सोडवून ठेवावी. टोमॅटो, मिरची, भेंडी यांची रोपे मदर्स डेच्या, म्हणजे मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारच्या, आधी जमिनीत लावू नयेत हा येथल्या जुन्या बागवानांचा नियम आहे आणि तो पाळण्यात शहाणपण आहे. तुळस तर त्यानंतरही काही दिवस रात्रीची आत घ्यावी.

निघावेच लागले तर

मॉरिसन ते डॉटसेरो या आय-७० च्या डोंगरातल्या टप्प्यावर १ सप्टेंबर ते ३१ मे या काळात गाडीला योग्य टायर किंवा साखळ्या असणे कायद्याने बंधनकारक आहे. चारही चाकांना गती देणारी गाडी असली, तरी टायरची खाच किमान ३/१६ इंच खोल लागते. वादळात हा नियम राज्यातल्या इतर महामार्गांवरही लागू केला जातो. खाच मोजायला पाव डॉलरचे नाणे पुरते. वॉशिंग्टनचे डोके खाली करून नाणे खाचेत घालावे, डोक्याचा वरचा भाग दिसत असेल तर टायर बदलायची वेळ आली आहे. स्प्रिंग ब्रेकच्या सुट्ट्या आणि मार्चची वादळे एकाच वेळी येतात, त्यामुळे रविवारी दुपारी डोंगरातून परतणारी रांग आधीच लांब असते. रस्ता चालू आहे की बंद, हे ‘कोट्रिप’ या राज्याच्या सेवेवर पाहूनच निघावे.

गाडीत फावडे, काचेवरचा बर्फ खरवडायचे साधन, ब्लँकेट, पाणी, खाऊ, विजेरी आणि मांजराच्या मातीची किंवा वाळूची पिशवी ठेवावी. चाक जागच्या जागी फिरू लागले की ही माती पकड देते. अडकल्यास गाडी सोडून चालत जाऊ नये. उडत्या बर्फात शंभर पावलांवर दिशा हरवते. धूर बाहेर टाकणाऱ्या नळीभोवतीचा बर्फ काढून, तासातून साधारण दहा मिनिटे इंजिन सुरू करून ऊब घ्यावी आणि वारा ज्या बाजूने येत नाही त्या बाजूची काच किंचित उघडी ठेवावी. नळी पुन्हा बर्फाने बुजत नाही ना, हे प्रत्येक वेळी उतरून पाहावे. बर्फ काढणारी मोठी वाहने एकामागे एक तिरक्या रांगेत चालताना दिसली, तर त्यांच्यामागेच राहावे. त्यांच्या मागचा रस्ता त्या घडीला सर्वांत सुरक्षित असतो.

बर्फ पडत असताना आणि नंतर

ओला बर्फ एकदम शेवटी काढायचा ठरवला तर तो उचलवत नाही. दर चार-पाच इंचांनी बाहेर जाऊन एक थर काढावा. फावड्याच्या पात्यावर मेण किंवा स्वयंपाकाचे तेल फिरवले की बर्फ चिकटत नाही. उचलण्यापेक्षा ढकलावे, उचलायचाच झाला तर अर्धे फावडे भरावे, गुडघ्यात वाकावे आणि कंबर वळवून मागे फेकू नये. हृदयविकार असलेल्यांनी, चाळिशी-पन्नाशी ओलांडून वर्षभर व्यायाम न केलेल्यांनी, आणि समुद्रसपाटीवरून नुकत्याच मैलभर उंचीवर आलेल्या पाहुण्यांनी हे काम करूच नये. मदत करण्याच्या हौसेने फावडे हातात घेणाऱ्या वडिलांना थोडे कडक शब्दांत थांबवावे लागले, तरी थांबवावे. छातीत जडपणा, डाव्या हातात कळ किंवा अकारण घाम आला, तर काम तेथेच टाकून ९११ ला फोन करावा.

घराच्या भिंतीतून बाहेर आलेल्या फर्नेसच्या आणि गिझरच्या पांढऱ्या नळ्या व गॅसचा मीटर यांभोवतीचा बर्फ हाताने किंवा मऊ झाडूने काढावा. वाऱ्याने साचलेल्या ढिगात या नळ्या बुजल्या, तर दूषित हवा घरात परतू शकते.

झाडांसाठी लांब दांड्याचा झाडू वापरावा. फांदीखाली झाडू लावून हळूच वर उचलावे, म्हणजे बर्फ सरकून पडतो. वरून झोडपले तर आधीच ताणलेली फांदी मोडते. खालच्या फांद्यांपासून सुरुवात केल्यास वरचा बर्फ भारावलेल्या खालच्या फांदीवर कोसळत नाही. गोठून बर्फाचे कवच झालेल्या फांद्यांना मात्र हात लावू नये, त्या उन्हाने मोकळ्या होऊ द्याव्यात. झाडातून विजेची तार जात असेल, तर तेथे झाडू घेऊन जाऊ नये, आणि खाली पडलेली तार मृत आहे असे कधीही गृहीत धरू नये. दूर थांबून कळवावे.

डेन्व्हर शहरात बर्फ थांबल्यापासून २४ तासांत घरापुढची पायवाट मोकळी करण्याची जबाबदारी घरमालकाची असते. इतर गावांचे नियम वेगवेगळे आहेत, ते एकदा पाहून ठेवावेत. वसंतात ऊन लगेच पडते आणि दोन-तीन दिवसांत निम्मा बर्फ जातो, त्यामुळे ‘वितळेल आपोआप’ हा मोह होतो. पण दिवसा वितळलेले पाणी रात्री पायवाटेवर काचेसारखे गोठते आणि पहाटे फिरायला निघालेला माणूस त्यावर पडतो. उत्तरेकडच्या, घराच्या सावलीतल्या पायऱ्यांवर संध्याकाळी मीठ किंवा वाळू टाकावी.

शेवटी रस्त्याच्या कडेला जावे आणि आपल्या घरासमोरच्या पावसाळी गटाराची जाळी शोधावी. बर्फ काढणाऱ्या वाहनाने केलेल्या ढिगाखाली ती हमखास गाडली गेलेली असते. फावड्याच्या टोकाने एक हातभर वाट मोकळी केली की रस्त्यावर तुंबलेले गढूळ पाणी आधी थबकते, मग वळते आणि घळघळ आवाज करत आत उतरू लागते. जवळच अग्निशामक नळ असेल, तर त्याच्याभोवतीचे तीन फूटही त्याच खेपेत मोकळे करून घ्यावेत.